पिलारबाईंच्या हंडीतले चणे

आमच्या शेजारच्या स्पॅनिश बाईंचा मुलगा अकरा वर्षांनी आईकडे जेवायला येणार होता, आणि त्या जेवणात माझ्याकडे फक्त चणे भिजवायचं काम होतं.

फक्त भिजवायचं! पातेल्यात घ्यायचे, पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि झोपायचं. ज्याला नळ सोडता येतो त्याला हे काम येतं. मी मात्र ते इतक्या मनापासून केलं की शेवटी आगीचा बंब आला.

साल दोन हजार चार. माझा धाकटा भाऊ सुधीर टेक्ससमध्ये, अर्विंगला, सॉफ्टवेअरमध्ये होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी आठवीतून शाळा सोडली आणि मिरजेचं घर सांभाळलं, सुधीर शिकला. तो हे कधी विसरला नाही. पन्नाशीला आलेल्या बहिणीला त्यानं विमानात बसवून सहा महिने स्वतःकडे आणलं. मला त्याचं इतकं अप्रूप, इतकं ओझं, की मी त्याच्या सोफ्यावर पूर्ण टेकूनसुद्धा बसायचे नाही. सारखी काहीतरी पुसत असायचे.

"शकूताई, पुरे हो," माझी भावजय केतकी म्हणायची. "त्या टेबलातून आता पलीकडचं दिसायला लागेल."

आणि भीती! बटणांची भीती, फोनची भीती, दार वाजलं की इंग्रजीची भीती. आपल्या हातून काहीतरी मोडणार, मग सुधीरला ऑफिसात उभं करून विचारणार, "ही बाई इथे कुणी आणली?", आणि त्याचा व्हिसा जाणार, अशी माझी पक्की खात्री होती. (व्हिसा कसा असतो, कोण देतो, कोण काढून घेतो, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. त्यामुळे भीतीला भरपूर जागा होती.)

या भीतीत मला एकच आधार होता, शेजारच्या पिलारबाई. सत्तरीच्या, ठेंगण्या, एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला. मी येण्याआधी शाळा सुटल्यावर माझी सहा वर्षांची भाची रिया त्यांच्याकडेच असायची. त्यामुळे रिया मराठी ऐकायची, इंग्रजी बोलायची आणि वर स्पॅनिशही शिकली होती. आम्हा दोन म्हाताऱ्यांची दुभाषी तीच. पण दुभाषी नसली तरी आमचं अडत नसे. कपडे धुवायचं मशीन मला पिलारबाईंनीच शिकवलं. माझी दाढ ठणकली तेव्हा त्या घरातून मूठ बंद करून आल्या, आणि मूठ उघडली तर आत लवंग! सातासमुद्रापलीकडे दाढेखाली धरायला लवंग देणारी बाई परकी कशी म्हणायची?

एका शुक्रवारी त्या दारात आल्या. हातात कापडी पिशवी, डोळे लाल.

"शी सेज, हर सन इज कमिंग ऑन संडे," रियानं सांगितलं.

मुलगा, आन्द्रेस, ह्यूस्टनला असायचा. अकरा वर्षांपूर्वी मायलेकांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही, असं पिलारबाई म्हणायच्या आणि मग अर्धा तास सविस्तर सांगायच्या. आता त्याचा फोन आला होता. येतो म्हणाला, आणि काय करू विचारल्यावर त्यानं लहानपणची ओया पोद्रीदा मागितली होती.

ही ओया पोद्रीदा म्हणजे त्यांच्या गावाकडची हंडी. चणे, कोबी, गाजर, कांदे, आणि डुकराचे नाना अवयव. (कुठले कुठले, ते मी एकदाच विचारलं होतं. उत्तर देताना पिलारबाईंनी स्वतःचा कान धरून दाखवला. पुढचं मी विचारलं नाही.) केतकीनं त्या नावाचा अर्थ कॉम्प्युटरवर शोधून काढला होता. "ताई, शब्दशः म्हणाल तर 'कुजलेली हंडी'! पण आता कशाचीही कशात सरमिसळ झाली की तिला हेच नाव देतात. आपण खिचडी झाली म्हणतो ना, तसं."

ते ऐकून मला धीर आला. ज्या पदार्थाचं नावच कुजकं, तो आपण आणखी काय बिघडवणार!

पिशवीतले चणे पिलारबाईंच्या बहिणीनं गावाहून पाठवलेले. बारीक, सुरकुतलेले, म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यासारखे. शेवटचं पाकीट. इथल्या दुकानातले त्यांना चालत नसत. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून शनिवारी सकाळपासून रविवारच्या पहाटेपर्यंत त्यांना सलग दोन पाळ्या होत्या, म्हणून शनिवारी रात्री ते मी भिजवायचे. त्यांनी तळहात गालाला लावून झोपल्याची खूण केली, एक बोट वर केलं. एक रात्र. मला शंभर टक्के कळलं.

पण भिजवायचं विसरले तर? या धास्तीनं मी ते शुक्रवारीच भिजवले.

शनिवारी सकाळी बघते तो चणे टम्म! अजून एक दिवस पाण्यात ठेवले असते तर आंबले असते. आणि खरं सांगू का, मला त्या बाईंचं जरा वाईटही वाटलं. अकरा वर्षांनी मुलगा येतोय आणि कडधान्य नुसतं भिजवून शिजवणार? मोड न आणता? आमच्याकडे गवंड्याच्या जेवणालासुद्धा मोडाची उसळ असते! माझ्यावर एवढे उपकार करणाऱ्या बाईंना मी अर्धवट चणे कशी देऊ? चणे फडक्यात घट्ट बांधले, केतकीच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या चाळणीत ठेवले आणि चाळण ठेवली ओव्हनमध्ये.

हे वाचून कुणी भुवया उंचावल्या असतील तर त्यांचं तिकडे घर झालेलं नाही. आमच्या घरातला ओव्हन म्हणजे दिवा असलेलं कपाट. एरवी त्यात कढया, तवे, कुकरची भांडी. थंडीत आतला दिवा लावून ठेवला की छान ऊब येते. केतकी दही त्यातच लावायची, इडलीचं पीठ त्यातच फुगायचं. तीन महिन्यांत तो ओव्हन तापलेला मी एकदाही पाहिला नव्हता. तो तापतो हेच मला माहीत नव्हतं! मी कढया बाहेर काढून ओट्यावर ओळीनं लावल्या, दिवा लावला, दार बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. रविवारी मोड आलेले चणे बघून सगळ्यांनी थक्क व्हावं, अशी इच्छा होती.

ती पुरी झाली.

रविवारी सकाळी नऊला केतकीनं आन्द्रेससाठी केक करायला घेतला. ओट्यावर कढयांची ओळ बघून ती म्हणाली, "अगंबाई, ताईंनी ओव्हन रिकामा करूनसुद्धा ठेवला! किती करतात!" आणि आत न बघता तिनं ओव्हन लावला.

मी तेव्हा देवापुढे उदबत्ती लावत होते. पाच मिनिटांत सुधीर खोलीतून ओरडला, "ताई, उदबत्ती जरा कमी धुराची लाव!"

मी उदबत्ती विझवली. धूर वाढला.

"ताई!"

"अरे विझवली!"

"मग हे काय जळतंय?"

केतकीनं ओव्हनचं दार उघडलं. आतून काळा लोट आला आणि त्यामागोमाग गुलाबी धार ओघळली. वर छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. सुधीर त्याच्याखाली टॉवेल घेऊन झेंड्यासारखा नाचवत होता, केतकी खिडक्या उघडत होती, रिया कानांवर हात ठेवून "दिस इज सो कूल!" म्हणून उड्या मारत होती, आणि मी? मी टेबल पुसत होते.

मग अख्ख्या इमारतीचा भोंगा झाला. तिकडे एका घरात धूर झाला की सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. पाच मिनिटांत पार्किंग लॉटमध्ये पायजमे, कुत्री, तान्ही मुलं, एका गृहस्थांच्या तोंडाला अर्ध्या दाढीचा फेस. आणि या सगळ्यांच्या मधोमध पिलारबाई! अंगात एप्रन, दोन्ही हातांत जाड मोजे, आणि त्या हातांत वाफाळणारी हंडी. आग लागो नाहीतर भूकंप होवो, ती काही त्या मागे ठेवणार नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हनुवटीनं विचारलं, चणे?

मी आकाशाकडे बघितलं.

बंब आला. टोप्या घातलेले चार जण वर गेले, आणि थोड्या वेळानं त्यांचा साहेब चिमट्यात काहीतरी धरून खाली आला. एक गुलाबी काळा गोळा, त्यात फडक्याची गाठ, आणि गाठीतून डोकावणारे दोन-चार चणे. मोड मात्र सुरेख आले होते.

"सर, व्हॉट इज धिस?"

"बीन्स," सुधीर म्हणाला. "वी ग्रो देम."

"इन द ओव्हन?"

"यस. विथ द लाइट ऑन."

साहेबानं सुधीरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. (घरात दिवा लावून, दार बंद करून काही पिकवलं की तिकडे गांजासारख्या भलत्याच पिकाचा संशय येतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, माणसाला शेतीची आवड असावी.) त्यानं गोळ्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. शेवटी "मॅम, डोन्ट" एवढंच मला सांगून, गोळा खाली ठेवून तो गेला. गेला तो व्हिसाच घेऊन गेला, असं मला वाटलं. माझी बॅग कोण भरणार, सुधीर मिरजेत काय काम करणार, सगळं मी मनात ठरवून टाकलं.

एवढ्यात एक गाडी दोन जागा अडवून तिरकी थांबली. चाळिशीचा दांडगा माणूस उतरला आणि बंब, धूर, गर्दी बघून सरळ जिन्याकडे धावला. "ममा! ममा!" अग्निशमनवाल्यांनी त्याला अडवलं. आन्द्रेस! झोप लागली नाही म्हणून तीन तास आधीच येऊन पोचला होता.

पिलारबाईंनी हाक मारली. तो वळला. आई समोर, पण तिचे दोन्ही हात हंडीत अडकलेले. मिठी मारायची कशी? त्यानं आईला हंडीसकट मिठी मारली. शर्टावर रस्सा सांडला. मग दोघं बाजूला झाले. तो बुटांकडे बघतोय, ती हंडीकडे. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलेलं, आणि दोघांना एक शब्द सुचेना.

आता कबुली देणं भाग होतं. तो गोळा दोन्ही हातांत घेऊन मी पुढे झाले. "रिया, सांग त्यांना. म्हणावं, चणे मी जाळले. चांगल्यासाठी केलं. शेवटचं पाकीट होतं ते मला ठाऊक आहे. म्हणावं, मला काय हवं ते बोला."

रियानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. माझ्या पाच वाक्यांची तिची दोनच झाली; वगळलं काय, देव जाणे. पिलारबाईंचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. मला धरणी फाटेल तर बरं असं झालं.

आणि आन्द्रेस हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून.

"काय म्हणतोय?" मी रियाला विचारलं.

"ही सेज ही हेट्स चिकपीज."

लहानपणी तो चणे टेबलाखाली कुत्र्याला घालायचा म्हणे! फोनवर आईनं "काय करू?" विचारलं, तेव्हा "मला माफ कर" म्हणायचं होतं. ते जमेना, म्हणून तोंडातून हंडीचं नाव गेलं. पिलारबाईंनी हंडी खाली ठेवली, हातातला मोजा काढला आणि त्याच्या पाठीत असा हाणला की अर्ध्या दाढीचे गृहस्थ दचकले.

"बीन्स तर हवेतच," असं मात्र त्यांनी रियाकडून बजावलं. बीन्सशिवाय कसली हंडी!

फ्रीजमध्ये सोमवारच्या बिरड्यासाठी मोड आणलेले वाल होते. तेवढंच माझ्याकडे होतं; वर जाऊ दिल्यावर तेवढंच मी आणून दिलं. पण वाल म्हणजे एकेक सोलायचा. घरात अजून धूर होता, म्हणून पार्किंग लॉटच्या कडेला, गवतावर, मी परात ठेवली. मायलेक समोरासमोर बसले. चिमटीत दाबायचा, डाळिंबी बाहेर, साल बाजूला. आन्द्रेसची पहिली डाळिंबी उडून बंबावर आपटली. आई हसली. काहीतरी बोलली. तो काहीतरी बोलला. किलोभर वाल सोलायला दीड तास लागतो. एवढा वेळ दोन माणसं गप्प बसूच शकत नाहीत. मध्ये एकदा दोघंही रडले, पण हात थांबले नाहीत. मी त्या बाजूला बघितलं नाही. (जरासं बघितलं.)

दुपारी तीनला जेवणं झाली. डुकराचा कान आणि आमचे कडवे वाल एका हंडीत! माझ्यासाठी पिलारबाईंनी डाळिंब्या वेगळ्या काढून मीठ-तेल घालून दिल्या. सुधीरला मी हळूच विचारलं, "तुझा व्हिसा?" तो म्हणाला, "ताई, सोफ्यावर नीट टेकून बस आधी."

संध्याकाळी तो निघताना पिलारबाईंनी मुलाचा हात धरून विचारलं, आता पुन्हा कधी? तो म्हणाला, पुढच्या महिन्यात, आणि मग दर महिन्याला. मग माझ्याकडे बघून त्यानं रियामार्फत एक अट घातली: हंडीतलं कडधान्य दर वेळी या बाईंनीच भिजवायचं.

मी अभिमानानं मान डोलावली. तेवढ्यात पिलारबाई दारातून एवढ्या जोरात "नो!" म्हणाल्या की आठवीत शाळा सोडलेल्या मलासुद्धा ते दुभाष्याशिवाय लगेच कळलं.