डावा पंख

आमच्या दाजींनी जन्मभर फायबरच्या पाण्याच्या टाक्या केल्या. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात. यांनी घरामागच्या शेडमध्ये विमान करायला घेतलं. एकाच माणसाचं, पण खरंखुरं, उडणारं. ताई म्हणायची, "यांचे पाय जमिनीवर कधी होते? आता निदान सोय तरी होईल."

धड झालं, शेपूट झालं, उजवा पंख झाला. फोमवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यात ब्रशने रेझिन जिरवायचं, बुडबुडा म्हणून राहू द्यायचा नाही. त्या चिकट रेझिनपायी दाजींचे हात सोलवटले, मग डोळे सुजले आणि एकदा तर श्वासच अडकला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हे असंच चालू ठेवलंत तर जिवावर बेतेल. दाजींनी ताईच्या नाकदुऱ्या काढल्या. "एवढा डावा पंख करू दे. मग शेडला कुलूप." ताईने बरेच दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच जाऊन चांगल्यातला मास्क आणला.

मदतीला मी होतो. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. दाजी रेझिनमध्ये हार्डनर ओतत होते आणि वजनकाट्यावरचा आकडा पुढे गेला.

"दाजी, जास्त पडलं."

"थंडीत जरा जास्तच लागतं. टाक्या काय तू केल्यास?"

टाकीच्या रेझिनला ते चालतं. हार्डनर वाढवलं की लवकर धरतं. विमानाच्या रेझिनचं माप चुकलं की ते कडक होतच नाही. दाजींना हे ठाऊक नव्हतं थोडंच? उजव्या पंखाला त्यांनी थेंब न थेंब मोजला होता. पण या वेळी घाई होती, मास्कखाली जीव घुसमटत होता आणि हाताला सवय टाक्यांची. मला अजून त्यांचा राग येतो, आणि राग आला की रडूही येतं.

डावा पंख झाला, पण त्यात नख रुतत होतं. आम्ही बल्ब लावले, हीटर लावला, तरी रुततच राहिलं. ताई रोज अंगठा दाबून बघायची. "कालच्यापेक्षा बरं आहे हो," म्हणायची. ती खोटं बोलतेय हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी म्हटलं, "नवा पंख मी करतो. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून नुसतं सांगा."

"तुला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही," दाजी हसले. "आणि मी बाहेर बसेन होय?"

एका सकाळी शेडमधून करवतीचा आवाज आला. आम्ही धावलो. डाव्या पंखाचे तुकडे खाली पडले होते आणि दाजी आता उजवा कापत होते. टणक, कुठेही खोट नसलेला उजवा पंख.

ताई ओरडली, "अहो, तो चांगला आहे!"

"म्हणूनच," दाजी म्हणाले. "हा राहिला तर मी पुन्हा डावा करायला बसेन."

ताई पुढे झाली आणि कापताना हलू नये म्हणून तिने पंख दोन्ही हातांनी घट्ट धरला.