नदीकाठच्या आंब्याची चोरी

भवानक्का कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती हुंगत. दूध, तांदूळ, पाहुण्यांनी आणलेली केळी; एकदा तर पोस्टमनने आणलेलं पार्सलही. त्यांची सून नागवेणी तोंडाची फटकळ. ती विचारायची, "अत्ते, मला बघायला आलात तेव्हा हुंगलं होतंत का?"

"हुंगलं होतं. पण तेव्हा मला सर्दी होती."

मी त्यांचा शेजारी, गावच्या शाळेतला निवृत्त मास्तर. त्यांच्या संशयाची मला इतकी सवय झाली होती की मी तांदळाचं माप परत करायला गेलो, की ते पालथं करून तळ दाखवत असे.

आमच्याकडे अघनाशिनी नदीच्या काठचे रानआंबे घराण्यांच्या नावाने ओळखले जातात. रान सरकारचं, पण झाड ज्या घराने शोधलं त्या घराचं. झाडाची वाट बाहेर सांगायची नाही, हा आमचा रिवाज. फाल्गुनात त्यांच्या कोवळ्या कैऱ्या, म्हणजे मिडी, देठासकट उतरवायच्या. मिडी जमिनीवर आपटली की चीक गळतो आणि चिकाबरोबर वासही जातो. म्हणून बीरा गौडा शेंड्यावर चढून एकेक मिडी खुडायचा आणि दोराने टोपली खाली सोडायचा. त्याच्या आधी त्याचा बाप चढायचा. भवानक्कांच्या झाडाच्या लोणच्याला कापराचा वास होता आणि मागून किंचित जिऱ्याचा. तसा दुसरीकडे कुठेच नव्हता.

हे झाड त्यांचे यजमान गणपती हेगडे यांनी तरुणपणी शोधलेलं. हेगडे वारल्यावर भवानक्का झाडाखाली उभ्या राहून घरातल्या गोष्टी हळू आवाजात सांगत. नदीकडे फिरताना मी एकदा झाडीआडून ते ऐकलं आणि झाड कुठलं ते न बघता, न खाकरता मागे फिरलो. त्यांना मुलगीही होती, सुमंगला. जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करून ती गेली, त्या दिवशी हेगड्यांनी तिचा फोटो भिंतीवरून स्वतः उतरवला. ती मंगळूरकडे कुठेतरी असते, एवढंच आम्ही ऐकून होतो. घरात तिचं नाव निघत नसे.

त्या वर्षी शेजारच्या गावात एका मुंजीला आम्ही दोघंही जेवायला होतो. भवानक्कांनी लोणच्याची मिडी जिभेवर ठेवली आणि त्यांचा हात पानावरच थांबला. हात धुताना त्या माझ्याजवळ आल्या.

"मास्तर, हे माझ्या झाडाचं आहे."

मी म्हटलं, वासाला वास मिळू शकतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोरीच्या मालातला वाटा मलाही मिळाला असावा. यजमानीणबाईंनी सांगितलं की घाटाखालून, कुमट्याच्या बाजूच्या एका वाडीतून, एक बाई बरण्या घेऊन येते. नाव काही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भवानक्कांनी बीराला बोलावलं. झाडाची वाट घरच्यांशिवाय त्यालाच माहीत होती. त्यांनी आवाज चढवला नाही. शांतपणे विचारलं, की टोपल्या खाली येताना वाटेत एखादी दुसऱ्या कुणासाठी थांबते का. बीराने दोर आणि टोपली ओसरीवर ठेवली.

"दोर तुमचा, अम्मा. टोपलीही तुमचीच. पाय तेवढे माझे आहेत, ते नेतो."

तो गेला. आणि नेमक्या त्याच दिवसांत झाड मिडींनी लगडलेलं. दुसरा कुणी चढवायचा तर त्याला वाट दाखवायला हवी, म्हणजे आणखी एक चोर. मिडी तशाच राहिल्या, फुगू लागल्या. भवानक्का छत्री घेऊन रोज झाडाखाली राखणीला बसू लागल्या. नागवेणी फोनवर हळू बोलली, तर कुणाशी म्हणून विचारत. मी सकाळी नदीकडे फिरायला जातो, तर मला म्हणाल्या, "मधुमेह तुम्हाला नक्की केव्हापासून झाला, मास्तर?"

नागवेणी एकदा माझ्या घरी येऊन रडवेली झाली. असंच चाललं तर आपण माहेरी निघून जाऊ, म्हणाली. मीच मग भवानक्कांना सुचवलं, की इथे सगळ्यांना हुंगत बसण्यापेक्षा घाटाखाली जाऊन त्या बाईलाच विचारावं. त्यांनी झाडाच्या खालच्या फांदीची एक मिडी पडताळणीसाठी रुमालात बांधली आणि आम्ही बसने घाट उतरलो.

वाडीत लोणच्याचं घर विचारलं. एका पोराने बोट दाखवलं. मागे खाडी, पुढे लहानसं अंगण, आणि अंगणात माणसाहून थोडा उंच आंबा. फांद्या ओझ्याने वाकलेल्या. भवानक्कांनी एक पान चुरगाळून हुंगलं. मग रुमालातली मिडी हुंगली. परत पान.

मला वाटलं, आता त्या हाका मारतील. त्या खाली वाकल्या. बुंध्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कलमाच्या सांध्याचा फुगीर वळ होता, उजवीकडून डावीकडे उतरत गेलेला. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. गणपती हेगडे डावखुरे होते. आमच्या साऱ्या पंचक्रोशीत असा उलटा छेद देणारा दुसरा कुणी नव्हता.

दार वाजलं. हात पुसत बाहेर आलेली बाई मी ओळखली. सातवीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. सुमंगला उंबऱ्यावरच थांबली.

"आयी," एवढंच ती म्हणाली.

भवानक्का झाडाकडेच बघत होत्या. "कधी आणलं त्यांनी?"

"माझी थोरली मुलगी झाली त्या वर्षी. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, कलम इथेच बांधलं."

"आणि नंतर?"

"दर वर्षी यायचे. मिडी धरली का बघायला."

"मला सांगायचे, कुमट्याला सुपारीचा भाव बघायला जातो." त्यांनी पुन्हा त्या वळावर बोट ठेवलं. "सगळ्या गावावर संशय घेतला मी. यांच्यावर कधी घेतला नाही."

मी खाडीकडे बघत उभा राहिलो. सुमंगलाने गूळ-पाणी आणलं. भवानक्कांनी सवयीने पाणी हुंगलं, मग सगळं पिऊन टाकलं. निघताना त्यांनी बरणीत बोट घालून लोणचं चाखलं आणि सांगितलं की मोहरी जून आहे, आणि मीठ घालायची घाई झालेली दिसते.

"शिकवायला कोण होतं?" सुमंगला म्हणाली. तिचा आवाज कडक होता. भवानक्कांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

परतताना त्या बसमधून आमच्या फाट्याच्या अलीकडेच उतरल्या आणि सरळ बीराच्या झोपडीकडे चालू लागल्या. मी मागे. बीरा दारात दोर वळत होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुझं नाव घेतलं ते चुकलं, बीरा. चोर माझ्या घरातलाच होता. आता त्याला काही विचारता येत नाही."

बीराने दोर वळायचं थांबवलं नाही. "यंदा माकडांनी खाल्लं असेल सगळं," तो म्हणाला. "पुढच्या फाल्गुनाचं तेव्हा बघू."

वर्षभर त्याने होकार दिला नाही, नकारही नाही. फाल्गुनात एका सकाळी तो ओसरीवर आला आणि कोपऱ्यातला दोर उचलून खांद्यावर टाकला. त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. आजवर ती वाट मला कुणी दाखवली नव्हती. चालताना भवानक्कांनी दोनदा मागे वळून पाहिलं, आणखी कुणी येत नाही ना म्हणून.

बीरा शेंड्यावर पोचला. पहिली टोपली भरल्यावर त्याने वरून विचारलं, खाली धरायला कोण आहे. भवानक्कांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि शेजारी बघितलं. त्यांच्या निरोपावरून आदल्या दिवशी घाट चढून आलेली सुमंगला पदर खोचून उभी होती.

"सोड," त्या म्हणाल्या. "दोघी आहोत."

टोपली अलगद खाली आली. सुमंगलाने तिला हात लावण्याआधी भवानक्कांनी वरची मिडी उचलून हुंगली. मग तीच तिच्या नाकाशी धरली.