पाटलिणीची पाठराखीण

पनवेलच्या बंदरावर तेव्हा दोन पाटलिणी होत्या. एक खरी, म्हणजे कोळीवाड्याच्या पाटलाची बायको. दुसरी गुणाबाईची मांजर. दोघींत जास्त वचक कुणाचा होता हे मी आजही उघडपणे सांगणार नाही. खऱ्या पाटलिणीचे नातू अजून गावात आहेत आणि त्यांतला एक माझी कवळी करतो.

मांजर राखाडी रंगाची, एका कानाने फाटकी. मिठाच्या वखारीच्या पायरीवर ती अशी ऐसपैस बसायची की डोक्यावर गोणी घेतलेले हमालसुद्धा तिला वळसा घालून जायचे. वखारीला टेकून एक खोली होती. तिथे गुणाबाई राहायची. तिचा नवरा मिठाच्या पडावावर खलाशी होता. तो गेला तेव्हा ती ऐन तिशीत होती. मूलबाळ नव्हतं. चार घरची भातं कांडून ती पोट भरायची. पण नाव झालं ते कांडणावर नाही, पाठराखणीवर.

आताच्या सुना नवऱ्याच्या हाताला धरून सासरी जातात, आणि काही तर नवऱ्यालाच माहेरी आणतात. तेव्हा तसं नव्हतं. कोवळी पोर परक्या घरात जायची, म्हणून तिच्यासोबत माहेरचं एक जाणतं माणूस पाठवत. पोर रुळेपर्यंत ते तिच्याजवळ राहायचं. ती पाठराखीण. गुणाबाई विधवा, त्यामुळे हळदीला तिला कुणी पुढे बोलवत नसे. पण वरात निघायची वेळ झाली की नवरीची आई डोळे पुसत हिच्याच दाराशी यायची. उरणपासून शिरढोणपर्यंत कितीतरी सुना हिने सासरी रुजवल्या. त्यांतल्या काही पुढे अशा काही रुजल्या की सासवांनाच पाठराखीण लागली असती. पण तो दोष गुणाबाईचा नाही.

तिची रीत ठरलेली. "पोरीला पयल्या दिवशी घर दाखवायचं नाय," ती म्हणायची. "कोपरा दाखवायचा. कोपरा आपला झाला, का घर मागनं येतं." पोरीची माहेरची गोधडी सोबत न्यायची, तीही न धुता. ती जेवत असताना कुणी टक लावून बघायचं नाही. रडली तर गप्प करायचं नाही. शेजारी बसून तांदूळ निवडायचे आणि माहेरच्या कुचाळक्या सांगायच्या. मग एक दिवस ती पोर अंगणातून ओरडायची, "आमच्या कोंबडीला कोण दगड मारतो रे?" त्या 'आमच्या'ची गुणाबाई वाट बघत असायची. तो शब्द कानावर पडला की ती गाठोडं बांधून निघायची. आग्रह केला तरी थांबायची नाही. रुळलेल्या पोरीकडे पाठराखीण राहिली तर ती पाहुणी होते, आणि फुकट खाणारी पाहुणी होणं तिला मरणाहून वाईट वाटे.

पन्नास सालानंतर खाडी गाळाने भरत चालली. मीठ पडावाऐवजी लॉरीतून जाऊ लागलं. शेटने वखार पाडायला काढली आणि गुणाबाईची खोली वखारीच्या भिंतीलाच टेकलेली. भाऊ वारला होता. त्याच्या मुलांनी शिरढोणच्या घराच्या वाटण्या करताना आत्यासाठी एक खुंटीसुद्धा ठेवली नव्हती.

उरली भावाची लेक, शकू. ती इथे उरण नाक्याकडे, माझ्या घरासमोर राहायची. तिचा नवरा आनंदा एस्टीत कंडक्टर. या आनंदाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा माणूस खोटं बोलत नसे. नसे म्हणजे त्याला ते जमतच नसे. एकदा सासरा त्याच्या गाडीत बसला. तिकीट अलीकडच्या थांब्यापर्यंतचं होतं आणि म्हातारा गप्पांच्या नादात बसून राहिला. जावयाने घंटी मारून सासऱ्याला भर उन्हात खाली उतरवलं आणि वर वाकून नमस्कार केला. पूर्ण गाडीने पाहिलं. म्हाताऱ्याने मरेपर्यंत दोघांनाही माफ केलं नाही, जावयालाही आणि एस्टीलाही.

शकू बंदरावर गेली. "आत्या, चल आमच्याकडं."

"कुणाकडं? जावयाकडं?" गुणाबाई कडाडली. "भाचीच्या सासरी तुकडं मोडत बसू? लोक माज्या तोंडात श्याण घालतील."

"मंग शिरढोणला जातंस?"

यावर गुणाबाईने मुसळ उचललं आणि नसलेलं भात कांडायला सुरुवात केली.

 मग शकू म्हणाली, "बरं, तू नको येऊस. पाटलिणीला तरी दे. माज्या घरात उंदरांनी उच्छाद मांडलाय."

"म्हातारी हाय ती. नव्या घरात जीव देईल."

"म्हणून तर! तिच्यासंगती पाठराखीण नको?"

मुसळ थांबलं. गुणाबाईने भाचीकडे पाहिलं. शकू एवढी भोळी दिसत होती की कुणालाही संशय यावा.

"पाठराखीण रुळंपर्यंतच राहते, शके."

"मी कुठं जास्ती रहा म्हणते?"

अशी ही भाची. सासरी आली तेव्हा हिची पाठराखीण आत्याच होती, त्यामुळे सगळ्या युक्त्या तिला आतून ठाऊक.

मांजर न्यायची म्हणजे तिला परतीची वाट कळू नये म्हणून पोत्यात घालून न्यायची, असं सगळे सांगत होते. गुणाबाईला ते पटेना. "नवरीला कोण पोत्यात घालून नेतो काय?" मग बांबूच्या हाऱ्यात गोधडी, गोधडीवर पाटलीण, वरून फडकं, आणि हारा गुणाबाईच्या मांडीवर, असा टांगा कापड बाजारातून निघाला. पाटलिणीने असा टाहो फोडला की दुकानदार गजाची पट्टी हातात धरून बाहेर आले. कुणीतरी विचारलं, "कुणाची लेक सासरी चालली?" गुणाबाईने डोईवरचा पदर आणखी पुढे ओढला.

शकूच्या घरी स्वयंपाकघरात लाकडांच्या ढिगामागे एक कोपरा होता. गुणाबाईने हारा तिथे ठेवला. जुन्या चुलीतली राख तिने डब्यात भरून आणली होती, ती घमेल्यात ओतली; बाईसाहेबांचा संडास तो. दूध जुन्याच करवंटीत. आणि घरात ताकीद दिली की तिला उचलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, वाकून बघायचं नाही.

आनंदाने वाकून बघितलं. पाहुणी आली तर विचारपूस करायला नको, असा त्याचा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या नाकावर पट्टी. प्रवासी विचारत, "काय झालं मास्तर?" आणि हा प्रत्येकाला खरं सांगे, "घरात पाटलीण आली आहे, तिने ओरबाडलं." आमच्या खऱ्या पाटलीणबाईंचे यजमान रोज त्याच गाडीने जात. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

पाटलीण मात्र काही खाईना. जवळा ठेवला तर तोंड फिरवी. हाऱ्यात गोधडीच्या वळकटीत नाक खुपसून पडून राही. तेवढ्यात शकूकडून एक चूक झाली. आत्याच्या मांजरीला घाणेरड्या चिंध्यांवर का झोपवायचं, असं वाटून तिने ती गोधडी नेली आणि सोडा घालून स्वच्छ धुतली. वास्तविक हिला ठाऊक असायला हवं होतं. हिची स्वतःची गोधडी आत्याने सासरी महिनाभर धुवू दिली नव्हती. पण स्वतःचं घर झालं की माणसाला आधी मळ दिसतो.

गोधडी वाळून आली. पाटलिणीने ती हुंगली, हाऱ्यातून बाहेर पडली, आणि लाकडांच्या ढिगाखाली अशी शिरली की शेपटीसुद्धा दिसेना.

शकूचा चेहरा उतरला.  गुणाबाईने आपलं अंगावरचं लुगडं बदलून ते उतरवलेलं लुगडं ढिगापाशी अंथरलं आणि ढिगाकडे पाठ करून सूप घेऊन बसली. तांदूळ निवडता निवडता बोलायला लागली.

माझा ओटा समोरच. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे मला मान्य आहे; पण कानांना झापडं नसतात. गुणाबाई मांजरीला बंदराच्या बातम्या सांगत होती. वखारीचं छप्पर उतरवलं. काळूरामने नवीन जाळं घेतलं नि पहिल्याच दिवशी खडकावर फाडलं. हौसाची सून परत माहेरी गेली, सासूने वांगं फेकून मारलं म्हणे, तेही शिजवलेलं. कितीतरी गोष्टी मला नव्यानेच कळल्या. मी माझा पाट थोडा पुढे सरकवला.

रोज सूप, रोज बातम्या. बातम्या संपल्या तेव्हा गुणाबाई रचून सांगू लागली, एवढं मी नक्की ओळखलं. जाणकार आहे मी त्यातला. आणि अशाच एका दुपारी, खऱ्या पाटलिणीच्या हरवलेल्या नथीची गोष्ट रंगात आलेली असताना, ढिगाखालून एक फाटका कान बाहेर आला. मग दुसरा. पाटलीण लुगड्यावर आली, गोल फिरली, बसली. गुणाबाईने मागे वळून पाहिलं नाही. गोष्ट तोडली नाही. फक्त करवंटी पायाने हळूच मागे सरकवली. दूध चाटल्याचा आवाज यायला लागला तेव्हा दाराआड उभी असलेली शकू पदर तोंडात धरून परसात पळाली.

त्यानंतर पाटलिणीचं राज्य वाढत गेलं. कोपऱ्यातून चुलीपर्यंत, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. आनंदाचा खाकी कोट खुंटीवरून पडला तर तो तिने आपला म्हणून टाकला. त्या कोटाला तिकिटांचा, डिझेलचा, घामाचा नि गावोगावच्या धुळीचा वास. हिला काय आवडलं देव जाणे. आनंदा कामावर जाताना अंगावरचे राखाडी केस झटकत जायचा आणि कुरकुर करत असल्याचं दाखवायचा.

मग तो दिवस आला. शेजारच्या कृष्णाबाईचा बोका, माझ्या घराचाही ठरलेला चोर, शकूच्या ओट्यावर चढला. पाटलीण उठली. म्हातारी, पण फुगली ती दुपटीने! एकच किंकाळी, आणि बोका कृष्णाबाईच्या कुंपणावरून पार. पाटलीण परत येऊन ओट्याच्या मधोमध बसली, वखारीच्या पायरीवर बसायची तशीच.

कृष्णाबाई भांडायला बाहेर आली, मी हसत होतो, शकू हसत होती. गुणाबाई मात्र हसली नाही. 'आमच्या कोंबडीला' म्हणणाऱ्या पोरी तिने काय थोड्या पाहिल्या होत्या? ती आत गेली आणि तिने गाठोडं काढलं.

शकूच्या ध्यानात आलं. तिने काय करावं? कोपऱ्यातली ती गोधडी उचलली नि पाण्याच्या बादलीत बुचकळली. मांजर पुन्हा बिथरेल, पुन्हा ढिगाखाली जाईल, मग आत्या कशी जाईल! पण पाटलीण बेइमान निघाली. तिने ओल्या गोधडीकडे ढुंकून पाहिलं नाही. खुंटीखाली जाऊन ती खाकी कोट घरी कधी येतो याची वाट बघत बसली.

संध्याकाळी आनंदा आला तर आत्याबाई दाराशी उभ्या, काखेत गाठोडं. बायको डोळे लाल करून चुलीशी.

"पाटलीण रुळली, जावईबापू," गुणाबाई पदर सावरत म्हणाली. "माजं काम झालं. मी निघते."

"कुठं?"

एवढाच प्रश्न. पण इतक्या दिवसांत तो कुणी विचारलाच नव्हता, न विचारण्यातच सगळ्यांची भलाई होती.  गुणाबाईने बंदराकडे बघितलं. तिकडे आता नुसत्या विटा होत्या. "जाईन कुटं तरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका लहान झाला.

आनंदा ओट्यावर बसला. चामड्याची पिशवी उतरवून ठेवली. मांडी रिकामी दिसताच पाटलीण आली, चढली, पाय दुमडून डोळे मिटून बसली. घरघर अशी की मला समोर ऐकू यावी.

आनंदाने खाली पाहिलं, वर पाहिलं. घसा खाकरला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोण म्हणतो रुळली?"

"ही काय तुमच्या मांडीवर!"

"घाबरली हाय ती, आत्या. म्हणून अंगाला चिकटते."

"अन् घुरघुरते ती?"

"घुरघुरत नाय. थरथरते." आणि मग, आयुष्यभर जपलेलं एकदा मोडल्यावर मागे कशाला राहायचं, म्हणून त्याने मलाच साक्षीला ओढलं. "विचारा ना समोर. काय हो, रातची रडते का नाय ही?"

मी पाटावरून उठलो आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की बिचारीच्या रडण्याने आमच्या घरात डोळ्याला डोळा लागत नाही. मला ते जड गेलं नाही. माझा सराव होता.

गुणाबाईने जावयाकडे पाहिलं. ज्याने तिच्या सख्ख्या भावाला भर उन्हात गाडीतून उतरवलं, तो हा माणूस. तिच्यासारखी बाई फसणार थोडीच होती? पण तिने काखेतलं गाठोडं हळूच खाली ठेवलं.

"म्हातारं जनावर हाय," ती म्हणाली. "वेळ लागंल जरा."

"लागू दे की," आनंदा म्हणाला.

पुढे किती दिवस कुणी ना कुणी तिला चिडवायचं, "काय गुणामावशी, रुळली का नाय पाटलीण?" पाटलीण तेव्हा उन्हात उताणी पडलेली असायची. गुणाबाई तिच्याकडे बघून मान हलवायची, "कसली रुळते! मन लागत नाय बिचारीचं."

एका सकाळी कृष्णाबाईची शेळी सुटली आणि शकूच्या परसातल्या मिरच्यांवर तुटून पडली. घरातून हातात केरसुणी घेऊन गुणाबाई धावली. आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए किस्नाबाय! आमच्या मिरच्या खाल्ल्यान तुज्या शेळीनं!"

शकू दारात जागच्या जागी थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. एवढा आयता मासा गळाला लागलेला, आणि मी तो सोडला. तोंड मिटून आत गेलो. गुणाबाई शेळीमागे धावत होती. तिने काय म्हटलं ते तिच्या स्वतःच्या कानावर पडलंच नव्हतं, आणि पडू नये याची आळीने नंतर पुष्कळ काळजी घेतली.