बाण उमटेनात

सकाळचे सात वाजले होते. संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध नांदेडला विद्यापीठात द्यायचा होता, आणि लातूरच्या आमच्या खोलीत माझी एकही आकृती कागदावर यायला तयार नव्हती.

आदल्या दिवशी लॅपटॉप बंद पडला, म्हणून मैत्रिणीचा मागून आणला होता. गणिताचा प्रबंध लाटेक या गणिती मजकूर जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत लिहिलेला. आकृत्यासुद्धा त्यातल्याच एका पॅकेजनं, आज्ञा लिहून काढायच्या. माझ्या आकृत्या म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पहिल्याच बाणाशी सगळं अडायचं.

नऊच्या सुमारास गल्लीत टँकर आला. आठ दिवसांनी आला होता. मी उठायला लागले.

"तू बस. मी हाय ना," म्हणत आई घागरी घेऊन गेली.

मी लाटेक शिकवणाऱ्या उदगीरच्या एका प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी पडद्यावरचा संदेश वाचून दाखवायला सांगितला.

"मॅडम, तिथलं पॅकेज जुनं हाय. तुम्ही मागवताय ती बाणांच्या नमुन्यांची लायब्ररी त्यात न्हाईच. जुनी मागवा आणि बाणांची नावं बदला."

एकेचाळीस आकृत्या. मी नावं बदलत सुटले. तेवढ्यात आई आली, लुगडं भिजलेलं, कोपर खरचटलेलं. "लई रेटारेटी झाली," म्हणाली आणि माझ्यामागं उभी राहून पडद्याकडं बघू लागली. "एवढ्याशा बाणापायी अडलं व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी ओरडले.

ती आत जाऊन घागरी झाकू लागली. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं मला शिकवलं होतं. उठून तिच्याजवळ जावं असं वाटलं, पण घड्याळात साडेदहा झाले होते.

चाळीस आकृत्या उमटल्या. एक शेवटपर्यंत आली नाही. तिची जागा कोरी सोडली. कोपऱ्यावरच्या दुकानात प्रती छापून, बांधून घेतल्या आणि धावतपळत बस धरली. लोह्याच्या स्टँडवर ती वीस मिनिटं थांबली.

साडेचारला विद्यापीठात प्रबंध घेण्याच्या खिडकीशी पोचले. तिथंच उभ्यानं, काळ्या पेनानं प्रत्येक प्रतीत ती आकृती काढली.

"हातानं काढलेली चालती का?" मी विचारलं.

"पानं पूर्ण हायेत ना? मग द्या," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन आईला फोन केला. "दिला," म्हणाले. सकाळच्या बोलण्याची माफी मागायची होती. ती काही तोंडातून निघाली नाही.