तू बस, मी आणते

हळदीकुंकू आटोपलं आणि सतरंजीवरून उठताना आम्हा बायकांपैकी प्रत्येकीचा हात गुडघ्यावर गेला. माझाही. बाकीच्या हसल्या, मला मात्र हसू आलं नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी गुडघ्यावर हात, मग भिंत, मग वॉकर, मग पलंग.

दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये गेले. शिकवणाऱ्या मुलीनं हात छातीशी धरून खुर्चीतून उठबस करायला लावली. चौथ्या वेळेला मांड्या लटपटायला लागल्या.

"काही दुखावलं तर नाही ना गं?"

"नाही हो काकू. मांड्यांना सवय नाही. त्यांना काम दिलं नाही तर त्या आटत जातात, आणि सगळा भार गुडघ्यावर येतो."

काम दिलं नाही तर. आईला आम्ही किती जपलं! "तू बस, मी आणते" म्हणत पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला. तिचे पाय आम्हीच तर काढून घेतले नाहीत?

घरी येऊन खुर्चीत टेकले, तोच सून म्हणाली, "आई, दमलात ना? बसा, मी पाणी आणते."

किती मायेनं म्हणाली! मी हात छातीशी धरले आणि उठले.