वरच्या खोलीतली पाटोदा–बीड

कारभारी जावळे एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची पाटोदा–बीड गाडी अजून रोज सकाळी सुटते. ती सुटते पाटोद्यातल्या त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीतून. पलंग म्हणजे आगार. तिथून चार पावलांवर एक फळी करकरते, ते लिंबागणेश. खोलीच्या मध्यावर लाकूड झिजून बशीएवढा खळगा पडलाय, ते मांजरसुंबा. तिथं न चुकता उजवीकडे वळायचं, कारण डावीकडे जिना तोंड उघडून बसलेला. पुढे दोन फळ्या किंचित उचललेल्या आहेत, तो घाट. आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची म्हणजे बीड. प्रत्येक थांब्याचं नाव ते स्वतःशीच पुटपुटतात, आणि खुर्चीत टेकले की म्हणतात, "चला, बीड आलं, उतरा."

हा सगळा प्रवास तळपायांनी होतो, कारण काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेलेत. पण हे कबूल करतील तर ते कारभारी कसले! कुणी विचारलंच तर "थोडं थोडं दिसतंय की" असं ठोकून देतात, वर समोरच्याचा शर्ट झकास आहे म्हणूनही सांगतात. उभी हयात लोकांची ने-आण करण्यात गेली. आता घरातल्या घरात आपल्यालाच कुणी हात धरून न्यावं, ही कल्पना त्यांना सोसत नाही.

खोलीची जमीन सागवानी फळ्यांची. एक जुना सरकारी बंगला पाडला, तेव्हा लिलावात निघालेलं लाकूड मामांनी हौसेनं उचललं. (सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते.) आगारातल्या दोस्तांनी खूप चिडवलं, "लोक फरशी बसवितेत अन् तू जिमिनीला सागवान लावतोस व्हय बे?" मामांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, त्याच खोलीत शिवणाचं मशीन मांडलं. मांजरसुंब्याचा खळगा त्यांच्या स्टुलानं पाडलेला. केशरबाई गेल्या, मशीनही कुणाला तरी देऊन टाकलं.

आता अडचण आली ती वर्षावासाची. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून संध्याकाळी मामांच्या खोलीत जमतात आणि मामांची सून आम्रपाली धम्माचा ग्रंथ वाचते. मामा खिडकीत बसून ऐकतात. अख्ख्या वर्षात त्यांना यापेक्षा जास्त आवडणारं काही नाही. पण लाकूड पडलं जुनं, त्याची सालं निघायला लागली. गेल्या वर्षी शेजारच्या पारूबाईंच्या गुडघ्यात कुसळ घुसलं आणि त्या कितीतरी दिवस लंगडत होत्या. यंदा पौर्णिमा जवळ आली तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कारभारीभाऊ, यंदा वाचन आमच्याकडं पत्र्याखाली ठिवू. तुमच्या लाकडाचं भ्या वाटतंय."

"पावसात पत्र्याखाली काय ऐकू यील?"

"मग जिमीन घासून घ्या की!"

मामांचा मुलगा प्रवीण पंचायत समितीत नोकरीला. त्यानं लगेच बंकट सुताराला आणलं. बंकट गुडघ्यांवर खोलीभर फिरला, फळ्या ठोकून बघितल्या.

"लाकूड आतून ठणठणीत हाय मामा. मशीन मारून सगळं एका लेव्हलला आणतो, ढिल्या फळ्यांना खिळे मारतो, वरून पॉलिश. आरसा करून दितो बघा."

मामांनी मनातल्या मनात गाडी काढून बघितली. सगळं एका लेव्हलला म्हणजे मांजरसुंबा गेलं, घाट गेला, खिळे मारले की लिंबागणेशही गेलं. मग जिना कुठं आणि खिडकी कुठं? एखाद्या सकाळी पाय चुकला की थेट खाली. नाहीतर रोज सुनेचा हात धरून बीड गाठायचं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "म्हाताऱ्या लाकडाला कावून छळायचं?"

"दादा, लोकं यायची बंद हुतील," प्रवीण वैतागून म्हणाला.

मामा चार दिवस तोच हिशेब मांडत राहिले. खरं कारण सांगावं तर दिसत नाही हे सांगावं लागतं. न सांगावं तर वाचन दुसऱ्याच्या घरी जातं. मग एका संध्याकाळी आम्रपाली खाली स्वयंपाकघरात वाचनाचा सराव करत बसली होती, आणि तिचा आवाज फळ्यांच्या फटींतून वर आला. मामा बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी तिथूनच ओरडले, "परवीन, बंकटला सांग. घास म्हणावं!"

काम चाललं तोवर मामा खाली झोपले. तिथली वाट पायांना ठाऊक नाही. पिठाच्या डब्यावर आपटले, दाराला धडकले. आम्रपालीनं हात धरला की झटकून टाकायचे आणि मग उगाच डब्यावर डाफरायचे.

पौर्णिमेच्या सकाळी ती त्यांना वर घेऊन आली. पलंगापाशी मामा म्हणाले, "सोड हात."

पायाखालची जमीन गार आणि गुळगुळीत लागली, परक्या घरासारखी. मामांना भीती वाटली. ती लपवायला ते मोठ्यानं म्हणाले, "लई चमकतंय गं!"

चौथ्या पावलाला फळी करकरली. लिंबागणेश! मामा थबकले. बंकट तर खिळे मारणार होता. ते पाय घासत पुढे सरकले. खळगा लागला नाही, पण खळग्याच्या जागी अंगठ्याला एक पट्टी लागली. लाकडाचीच, बोटभर रुंद, कडा गोल केलेली, नाण्याइतकीच उंच.

"मांजरसुंब्याला गतिरोधक कुणी टाकला?" तोंडातून निघून गेलं आणि मामांनी जीभ चावली.

"मीच सांगितलं बंकटला," मागून आम्रपाली म्हणाली. "लिंबागणेशला खिळा मारू नको अन् मांजरसुंब्याला पट्टी ठोक म्हणलं."

"तुला कसं ठावं?"

"मामा, तुमची जिमीन म्हंजे माझ्या स्वयंपाकघराचं छत हाय. तुमचं पुटपुटणं फटींतनं रोजच ऐकतेय की. लिंबागणेश वाजलं की मी चहा ठिवते. तुमी बीडला उतरेस्तोवर उकळतोय."

मामा तिथंच उभे राहिले. चहा रोज इतका वेळेवर कसा येतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्रपालीनं जिन्याच्या कठड्यावर बांगड्या दोनदा वाजवल्या, कंडक्टर गाडी सोडायला डबल बेल देतो तशा. मामा उजवीकडे वळले. घाट घासून सपाट झाला होता, त्यामुळं बीड जरा लवकरच आलं. ते खुर्चीत टेकले, हातांनी तोंड पुसलं.

"आम्रपाली," ते म्हणाले, "सांजच्याला वाचन झालं की जेवायला उतरताना जिन्यात हात दे बाई. मला काईच दिसत न्हाई."