मुलामागे एक गोधडी

"टेक युवर लॉट टु द बॅक," काकी म्हणाल्या.

हळू म्हणाल्या. हसत म्हणाल्या. फाटकातून तपासणीचे साहेब येत होते, त्यांना नमस्कार करता करता म्हणाल्या. पाळणाघराच्या दाराशी चार बाया उभ्या होत्या. त्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत. मला कळलं. मला कळावं एवढं इंग्रजी काकींनीच शिकवलं होतं.

युवर लॉट. तुझी ती जमात.

मी मागे नेली. तेवीसपैकी तेरा मुलं. दहा आत ठेवायची होती, आणि कोणती दहा ते काकींनी आदल्या दिवशी ठरवलं होतं. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतलं एकही त्यात नव्हतं. मागे रिकाम्या पोत्यांची खोली होती. खिडकी नाही. पोतं हललं की हळद उडायची. मी दार लोटून घेतलं आणि मुलांना गप्प राहायला सांगितलं.

आणीबाणी उठली ते वर्ष. सांगलीतला हळद दळायचा कारखाना. माझी आई तिथं निवडणीला होती. काकी म्हणजे मालकीणबाई. पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शाळेत मला त्यांनी घातलं. "बाईसाहेब म्हणू नकोस, काकी म्हण," त्या म्हणाल्या होत्या. मी म्हणत गेले. शाळेत मी बोलायची नाही, तोंडातून 'न्हाई' निसटेल म्हणून. घरी बोलायची नाही, 'नाही' निसटेल म्हणून. दोन्हीकडे गप्प. पण काकींपुढे मला वाटायचं, ही एक जागा माझी आहे.

कायदा नुकताच बदलला होता. तीस बायका कामाला असल्या की पाळणाघर हवं. काकींनी मला तिथं नेमलं. परवान्याचा अर्ज इंग्रजीत होता, तो मीच भरला. मुलामागे वीस चौरस फूट जागा, असा नियम. मी टेप लावली. खोली बारा बाय अठरा. मी हिशेब करून सांगितलं, "काकी, इथं दहाच मुलं बसतात."

"मग दहा लिही," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर छान आहे. दिवाळीनंतर मागे दुसरी खोली बांधतोच आहोत." नकाशाही दाखवला. दहा बाय वीस.

मी दहा लिहिलं.

त्या दिवशी साहेबांनी पाळणाघरात पाऊलही टाकलं नाही. दारातूनच बघितलं. मग अर्ज बघून विचारलं, "अक्षर कुणाचं?"

मला मागून बोलावलं. केसांत हळद. काकींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याच कामगाराची मुलगी. आम्ही घडवली."

मी नमस्कार केला. एवढंच केलं.

पाजायच्या सुट्टीत शेवंता आली. आमच्याच वस्तीतली. तिचं पोर पाळणाघरात नव्हतं. रडण्याच्या आवाजावर ती पोत्यांच्या खोलीशी पोचली. एरवी पोराच्या गालावर आईची पिवळी बोटं उमटलेली असायची, त्यावरून मी ओळखायची कुणाचं पाजून झालं ते. आज सगळं तोंडच पिवळं होतं. डोळे सुजलेले. तिनं ते पदरानं पुसलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तूबी व्हय?"

पोराला छातीशी घेऊन ती तिथून गेली.

दिवाळीनंतर खोली झाली. तिला शटर लागलं. आत मोटार उभी राहिली. मी तीच टेप घेऊन गेले. दहा बाय वीस. दहा मुलांची जागा.

"काकी, मुलांची खोली?"

"अगं, गाडी उन्हात राहते."

त्या दिवशी कारखाना सुटल्यावर मी नळावर शेवंतापाशी गेले. बाया हात धूत होत्या. मी नियम सांगितला. वीस चौरस फूट. कुणाला काही कळेना.

"आवं मास्तरीणबाई, हातात सांगा की," शेवंता म्हणाली. अजून टोचतच होती.

मी मनात हिशेब केला. "तीन हात लांब, तीन हात रुंद."

"म्हंजे पोराची गोधडी." ती थांबली. "एका लेकराला येवडी? सरकारनं दिलीया?"

"दिलीय."

"मग खाल्ली कुणी?"

"मोटार निजतीया तिथं," माझी आई म्हणाली. "तिला ऊन सोसत न्हाई." बाया हसल्या. मला हसता आलं नाही. दहा हा आकडा माझ्या अक्षरात होता. मी तेही सांगितलं.

साहेब येणार हे आधी कळायचंच. भिंतींना चुना लागायचा. पुढच्या खेपेला चुना लागला, आणि सकाळी प्रत्येक आई काखेत गोधडी घेऊन आली. आम्ही अंथरत गेलो. आठ नीट बसल्या. उरलेल्या पट्टीत दोन दुमडून घातल्या. अकरावी दाराबाहेर गेली. मग बारावी, तेरावी, अंगणातून थेट शटरपर्यंत. प्रत्येकीवर एक मूल.

साहेब फाटकातच थबकले.

"स्टॉप धिस. अॅट वन्स," काकी माझ्या कानाशी म्हणाल्या. हसतच.

"बाईसाहेब, मराठीत सांगा. सगळ्यांना कळू दे."

साहेबांनी विचारलं, "किती मुलं?"

"तेवीस. मागच्या कागदावर दहा मीच लिहिलं होतं. ते खोटं होतं. तेरा मुलं मागे पोत्यांच्या खोलीत कोंडली होती. तीही मीच."

माझं काम त्याच दिवशी गेलं. आईचं दुसऱ्या दिवशी. "आम्ही घडवलेली," असं काकी अजून सांगतात म्हणे, वेगळ्या सुरात. साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. शटर अजून तिथंच आहे.

आता मी बायांसाठी कागद लिहिते. आधी मोठ्यानं वाचते, मग सही करते. फुटांचे हात करून सांगते. आणि कुणी हसत हसत, हळू आवाजात इंग्रजी बोललं, की तिथल्या तिथं मी त्याचं मराठी करते.

मोठ्यानं.